संकटकाळातून न्याय आणि एकजूट खरोखर उभी राहते का?

उंबरठा :

२५ मार्च १९११ च्या शनिवारी, कामाची सुटी व्हायच्या बेतात असताना, न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावरून खाली जाणाऱ्या एका जिन्याचे दार कुलूपबंद होते, कारण कामगार मुली कापड चोरून नेतील या संशयापायी बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासल्या जात आणि त्यासाठी सगळ्यांना एकाच दारातून जावे लागे. अग्निशमन दलाच्या शिड्या जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचल्या. १४६ जण मरण पावले. त्यांत बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी खिडकीतून उड्या टाकल्या. जवळच एका परिचितांकडे चहाला आलेल्या फ्रान्सिस पर्किन्स धावत तिथे पोचल्या आणि त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले.

त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि पर्किन्स त्याच्या कामात उतरल्या. आयोगाची माणसे कारखान्यांमध्ये प्रत्यक्ष फिरली, जिने चढली, दारे उघडून पाहिली. पुढच्या काही वर्षांत बाहेर पडण्याचे मार्ग, आगीच्या कवायती, स्वच्छतागृहे, स्त्रिया व मुले यांच्या कामाचे तास अशा विषयांवर तिथे तीसहून अधिक कायदे झाले. याच पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या, त्या देशाच्या मंत्रिमंडळातील पहिल्या स्त्री. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन आणि बेकारीचा विमा देणारा १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या साऱ्याची सुरुवात आगीच्या त्या दिवशी झाली, असे त्या पुढे सांगत.

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर मांडले, कारण माझे म्हणणे त्यातून स्पष्ट होते. एरवी आपण एकमेकांवर किती अवलंबून आहोत हे झाकलेले असते. कपडा घालणाऱ्याला शिवणारी दिसत नाही. संकट हा पडदा फाडते, आणि त्याच वेळी कुणाच्या जिवावर कुणाची सोय चालली होती हेही उघडे पाडते. अशा वेळी समाजाची न्यायाची कल्पनाच थोडी पुढे सरकते आणि काल ज्याला ‘त्याचे नशीब’ म्हटले जात होते त्याला आज ‘आपली जबाबदारी’ म्हणावे लागते.

युद्धकाळातील ब्रिटनमध्येही हेच झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने सुमारे १५ लाख लोकांना, त्यांत बहुतांश मुलांना, शहरांतून बाहेर हलवण्यात आले. शहरी गरिबांची ही मुले गावोगावच्या सुस्थितीतल्या घरांत उतरली, तेव्हा त्यांचे अपुरे कपडे, खंगलेली शरीरे आणि उपचाराविना राहिलेले आजार त्या घरांनी प्रथमच जवळून पाहिले. डिसेंबर १९४२ मध्ये, ऐन युद्धात, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल आला आणि सरकारी अहवाल असूनही लोकांनी तो लाखोंच्या संख्येने विकत घेतला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि उपचार ही दानाची बाब न राहता हक्काची झाली.

म्हणून मला वाटते की संकटकाळ ही न्यायासाठी सुपीक जमीन असते. आपले मत काय, विशेषतः विरोधी मत काय, हे वाचायला आवडेल.

नोंदवही :

उंबरठा यांनी निवडलेली उदाहरणे खरी आहेत, परंतु ती निवडलेली आहेत, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

१ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, टोकियो आणि योकोहामा परिसरात भूकंप झाला. भूकंपाने आणि त्यानंतर लागलेल्या आगींनी एक लाखाहून अधिक बळी घेतले. काही तासांतच अफवा पसरली की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत. वस्त्यावस्त्यांतल्या माणसांनी काठ्या, बांबूचे भाले आणि तलवारी घेऊन रस्त्यांवर चौक्या मांडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ हे जपानी शब्द म्हणायला लावत, आणि ज्याचा उच्चार अडखळला त्याला ठार मारत. पोलीस आणि लष्करातील लोकही यात सामील होते. हजारो कोरियन आणि शेकडो चिनी माणसे अशी मारली गेली. त्या चौक्यांवर उभे असलेले शेजारी आपापसांत अत्यंत एकजूट होते, हे आपण लक्षात घ्यावे. रात्रभर आळीपाळीने पहारा देणे, आपल्या गल्लीतील म्हाताऱ्यांची आणि मुलांची काळजी घेणे, जे असेल ते वाटून खाणे, हे सगळे ती माणसे करतच होती. त्यांची एकजूट आणि त्यांचा अन्याय एकाच हाताने चालला होता.

फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना प्लेग पसरवल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि तेव्हा प्लेग त्या शहरात पोचलासुद्धा नव्हता. पोप क्लेमेंट सहावे यांनी आधीच्याच वर्षी बजावले होते की ज्यूही प्लेगने मरत आहेत, तेव्हा हा आरोप टिकणारा नाही. कुणी ऐकले नाही. केवळ संकटाची चाहूलसुद्धा एवढे करू शकते.

आता बेव्हरिज यांच्याकडे येऊ. तो अहवाल डिसेंबर १९४२ चा आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच सरकारच्या अमलाखाली, बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून किनारी भागातील होड्या सरकारने ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या होत्या, आणि मासेमारी व धान्याची ने-आण त्या होड्यांवरच चालत होती. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांचे कामगार आणि सरकारी नोकर यांना ‘अग्रक्रमाचे’ ठरवून धान्य पुरवले गेले. खेड्यातील भूमिहीन मजूर कुठल्याच यादीत नव्हता. एकाच युद्धाने, एकाच मंत्रिमंडळाच्या हातून, एका बेटावरच्या माणसांना पाळण्यापासून मरणापर्यंत संरक्षणाचे वचन दिले आणि बंगालच्या वाट्याला उपासमार आली.

संकटाने न्यायाची कल्पना पुढे सरकते असे आपण म्हणता. माझे म्हणणे असे की संकट फक्त ‘आपण’ या शब्दाची हद्द गडद करते. जे हद्दीच्या आत असतात त्यांना ती ऊब वाटते. बाहेरच्यांसाठी तीच भिंत होते.

पाणवठा :

वरील दोन्ही प्रतिसाद इतिहासाच्या अंगाने आले आहेत. मी एका लहानशा अनुभवाची भर घालतो, कारण यादीचा जो मुद्दा नोंदवही यांनी मांडला तो मी स्वतः टेबलामागे बसून पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी एका पुरानंतर मी मदतकेंद्रावर नोंदणीचे काम केले. पहिले तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. ज्यांचे एकमेकांशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते ती माणसे एकाच दोराला धरून पाण्यातून आली. ज्याच्याकडे गाडी होती त्याने गाडी दिली, ज्याच्याकडे काहीच नव्हते तो रात्रभर चिखल उपसत होता, आणि कुणीही कुणाला ‘तू कोण’ असे विचारले नाही. यात माझी कल्पनाशक्ती काही मिसळत नाही. मी ते पाहिले.

चौथ्या दिवशी तक्ते आले. पहिला रकाना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असा होता आणि तिसरा ‘घराच्या मालकीचा पुरावा’ असा. एक बाई रांगेत दोन तास उभ्या राहून माझ्यासमोर आल्या. नवऱ्याने टाकलेल्या, भाड्याच्या खोलीत दोन मुलींबरोबर राहणाऱ्या. खोलीत छातीपर्यंत पाणी चढले होते आणि शिवणाचे यंत्र, म्हणजे त्यांचे पोट ज्यावर चालत होते ती एकमेव वस्तू, गाळात गेले होते. कुटुंबप्रमुख म्हणून कागदोपत्री नाव त्या नवऱ्याचे, जो तिथे राहतच नव्हता. मालकीचा पुरावा खोलीमालकाचा. मला दिलेल्या सूचनांप्रमाणे त्या घराची भरपाई मालकाच्या नावे लिहायची होती, आणि मी ती लिहिली. बाईंनी वाद घातला नाही. ‘मग माझं नाव कुठं येतं?’ एवढेच त्यांनी विचारले. मी तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि मला उत्तर देता आले नाही.

दहाव्या दिवसापर्यंत रांगाही वेगळ्या झाल्या होत्या. कुणी तशी आज्ञा दिली नव्हती. ज्यांचे कागद पूर्ण होते ते एकीकडे आणि ज्यांचे अपुरे होते ते दुसरीकडे उभे राहू लागले, आणि त्या दोन रांगा पुरापूर्वीच्या दोन वस्त्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या.

तेव्हा उंबरठा यांना मी एवढेच विचारीन की एकजूट आणि न्याय या दोन शब्दांना आपण एकत्र का बांधले आहे? पहिल्या तीन दिवसांत एकजूट काठोकाठ होती. न्यायाचा प्रश्न चौथ्या दिवशी आला, आणि त्याचे उत्तर आधीच छापून ठेवलेल्या रकान्यांनी दिले.

उंबरठा :

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. पाणवठा यांचा प्रश्न मला टाळता येणार नाही. हे दोन शब्द मी एका दमात वापरले आणि ती माझी चूक झाली. त्या बाईंचा प्रश्न वाचून मी बराच वेळ पुढे काही लिहू शकलो नाही.

तरी पहिल्या तीन दिवसांबद्दल आधी बोलतो, कारण त्यांना कमी लेखले जाऊ नये असे मला तीव्रतेने वाटते. आपत्तीत माणसे सैरभैर होतात, लुटालूट करतात, एकमेकांना तुडवून पळतात, असा सार्वत्रिक समज आहे. आपत्तींचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे एक केंद्र अमेरिकेत १९६३ मध्ये स्थापन झाले आणि तिथल्या अभ्यासकांनी भूकंप, पूर, वादळे अशा शेकडो घटनांची प्रत्यक्ष पाहणी केली. सर्वत्र घबराट आणि बेबंदशाही माजते या समजाला त्यांना फारसा आधार सापडला नाही. ढिगाऱ्याखालच्या माणसाला बहुधा शेजारीच प्रथम बाहेर काढतो. उलट, या समजापायी जे केले जाते ते घातक ठरते. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर बुडालेल्या न्यू ऑर्लिन्समधून पायी बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांना शेजारच्या गावाच्या पोलिसांनी पुलावर अडवले आणि परत पाठवण्यासाठी हवेत गोळ्या झाडल्या. बुडालेली माणसे शांतपणे चालत होती. भीती पुलाच्या पलीकडे होती.

टोकियोच्या बाबतीतही ती अफवा आपोआप वाढली नाही, ती फैलावण्यात सरकारी यंत्रणेचा हात होता. याने शेजाऱ्यांचा गुन्हा कमी होत नाही, हे मान्य. पण त्याच देशात जानेवारी १९९५ मध्ये कोबे शहराला भूकंप झाला, तेव्हा वर्षभरात दहा लाखांहून अधिक लोक स्वेच्छेने मदतीला आले, आणि त्या अनुभवातून १९९८ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सुलभपणे मान्यता देणारा कायदा झाला. समाज शिकू शकतो.

आणि शिवणयंत्राचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मेक्सिको शहरात भूकंप झाला, तेव्हा कपडे शिवण्याच्या अनेक कार्यशाळा कोसळल्या. आत स्त्रिया अडकलेल्या असताना मालकांनी यंत्रे आणि तिजोऱ्या बाहेर काढायला सुरुवात केली. वाचलेल्या शिवणकामगार स्त्रिया तिथेच रस्त्यावर बसल्या, यंत्रे नेऊ देईनात, थकलेली मजुरी आणि भरपाई मागू लागल्या. महिनाभरात त्यांनी ‘१९ सप्टेंबर’ याच नावाची कामगार संघटना अधिकृतपणे नोंदवून घेतली. शहराच्या जुन्या भागातील भाडेकरूंनीही, आम्हाला शहराबाहेर हलवू नका, आमच्याच जागी घरे बांधून द्या, असा आग्रह धरला. सरकारने हजारो मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि चाळीस हजारांहून अधिक घरे त्याच वस्त्यांत, तिथल्याच भाडेकरूंसाठी उभी राहिली. भाडेकरूचे नाव कुठे येते, या प्रश्नाला तिथे तरी उत्तर मिळाले.

सरळरेषा :

चर्चा चांगली चालली आहे, पण मला तिच्या मुळाशीच अडचण वाटते. संकटातून न्याय येतो असे म्हणणे नैतिकदृष्ट्या धोक्याचे आहे, कारण त्यात १४६ जणांच्या मृत्यूला एक उपयोग जोडला जातो. ती माणसे कुणाला शहाणे करण्यासाठी मेली नाहीत. ते दार आगीच्या आदल्या दिवशीही उघडता आले असते.

शिवाय संकटातल्या सुधारणा किती टिकतात हे कुणी तपासतो का? २०२१ मध्ये महासाथीच्या काळात अमेरिकेने मुले असलेल्या कुटुंबांना दिली जाणारी करसवलत वाढवली आणि तिचा मोठा भाग दरमहा रोख स्वरूपात दिला. सरकारी मदत जमेस धरणाऱ्या मोजणीनुसार तिथली बालदारिद्र्याची पातळी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर उतरली, जी नोंदींमधली सर्वांत कमी होती. सवलतीची मुदत संपली, ती पुढे चालू ठेवण्याइतकी मते जमली नाहीत, आणि २०२२ मध्ये आकडा १२.४ टक्के झाला. म्हणजे दारिद्र्य कमी कसे करायचे हे समाजाला कळले होते, करून पाहिले होते, जमले होते, आणि भीती ओसरताच त्याने ते हातचे सोडून दिले. मला हे अज्ञानापेक्षा अधिक वेदनादायक वाटते.

सत्तेच्या हाती लागलेले अधिकार मात्र सहसा ओसरत नाहीत. १९२९ च्या मंदीने स्वीडनमध्ये १९३३ साली शेतकरी आणि कामगार यांच्या पक्षांना एकत्र आणले आणि तिथून कल्याणकारी राज्याची पायाभरणी झाली, हे खरे. त्याच मंदीने जर्मनीत साठ लाखांच्या आसपास माणसे बेकार केली, आणि त्याच १९३३ साली, २८ फेब्रुवारीला, संसदभवनाच्या आगीचे निमित्त करून नागरिकांचे मूलभूत हक्क ‘तात्पुरते’ स्थगित करण्यात आले. तो हुकूम नाझी राजवट कोसळेपर्यंत, १९४५ पर्यंत, लागू राहिला. एकच संकट, एकच वर्ष. मग स्वीडनमधल्या न्यायाचे श्रेय आपण मंदीला कसे देणार?

माझ्या मते जे काही निर्णायक असते ते संकटाच्या आधी, सामान्य दिवसांत घडलेले असते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. जवळजवळ सारख्याच गरीब असलेल्या दोन शेजारशेजारच्या वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण मात्र फार वेगळे होते. एका वस्तीत रस्ते गजबजलेले होते, म्हातारी माणसे रोज बाहेर पडत, दोन दिवस कुणी दिसले नाही तर चौकशी होई. दुसऱ्या वस्तीतील उद्योग गेले होते, निम्म्याहून अधिक रहिवासी निघून गेले होते, घरे ओस पडली होती, आणि माणसे भीतीपोटी दारे-खिडक्या लावून आत बसली होती. लाटेच्या त्या आठवड्यात एकजूट निर्माण होण्याइतका वेळच नव्हता. जी होती तीच कामी आली.

नोंदवही :

सरळरेषा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. ट्रँगलच्या गोष्टीचा राहून गेलेला भाग तेवढा नोंदवून ठेवतो. कारखान्याच्या दोन्ही मालकांवर खटला चालला आणि डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. १९१३ मध्ये त्यांतला एक मालक आपल्या नव्या कारखान्याचे दार पुन्हा कुलूपबंद ठेवताना सापडला आणि त्याला २० डॉलर दंड झाला. १९३५ च्या ज्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा उंबरठा यांनी गौरव केला त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले होते, आणि कृष्णवर्णीय कामगारांचा फार मोठा भाग याच दोन कामांत होता. यादीत नाव नसणे ही गोष्ट इतक्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भेटते की तिला अपघात म्हणवत नाही.

उंबरठा :

मालकांची सुटका आणि १९३५ च्या कायद्यातील वगळणूक या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या आणि मी त्या पहिल्या लिखाणात यायला हव्या होत्या तिथे आणल्या नाहीत. सरळरेषा यांचा नैतिक आक्षेपही मला पटतो. मृत्यूचे हिशेब मांडून त्यातून फायदा काढू नये.

परंतु सामान्य दिवसांत जे घडते तेच निर्णायक, हे मला अर्धेच पटते, आणि का ते सांगतो. ट्रँगलच्या मुलींनी नोव्हेंबर १९०९ मध्येच संप केला होता. न्यूयॉर्कमधल्या सुमारे वीस हजार शिवणकामगार त्या संपात उतरल्या. थंडीत निदर्शने करताना त्यांना मारहाण झाली, अटका झाल्या. बऱ्याच कारखान्यांनी त्यांच्या संघटनेशी करार केले, ट्रँगलने केला नाही. म्हणजे मागणी तयार होती, ती मागणारी संघटना तयार होती, सामान्य दिवसांतले काम त्या मुलींनी करून ठेवले होते. तरीही दार बंदच राहिले. ते दार आदल्या दिवशी उघडता आले असते हे खरे आहे, आणि ते उघडा म्हणून सांगणाऱ्या मुलींना तुरुंगात टाकले गेले होते हेही तितकेच खरे आहे. आगीनंतर जे बदलले ते ऐकणाऱ्यांच्या बाजूने बदलले.

आगीनंतर आठ दिवसांनी तिथल्या भव्य संगीतगृहात शहरातील प्रतिष्ठितांची शोकसभा भरली. संपात पुढाकार घेतलेल्या रोझ श्नायडरमन तिथे बोलायला उभ्या राहिल्या. तुमच्याशी गोडीगुलाबीच्या गोष्टी केल्या तर मी या जळालेल्या देहांशी द्रोह करीन, असे त्यांनी त्या सभेला सुनावले. आम्ही तुम्हा भल्या माणसांना आधीच पारखून घेतले आहे आणि तुम्ही कमी पडला आहात, असेही त्या म्हणाल्या. सभागृह हळहळत होते, वर्गणी द्यायला तयार होते. त्यांनी ती हळहळ तशीच स्वीकारली असती तर बहुधा स्मारक झाले असते आणि कायदे झाले नसते. पाणवठा यांनी एकजूट आणि न्याय यांच्यात जे अंतर दाखवले ते बोट ठेवून दाखवणारी ही पहिली व्यक्ती असेल असे नाही, पण इतक्या स्पष्टपणे, इतक्या लवकर आणि इतक्या दुःखात असताना ते बोलण्यापुढे माझ्यासारख्याने नमावे.

तेव्हा माझे सुधारलेले म्हणणे असे. एकजूट संकटात आपोआप येते आणि आपोआपच जाते. ती असेपर्यंत तिचे रूपांतर हक्कात करणारे कुणीतरी आधीपासून तयारीत असावे लागते. बांगलादेशातील सावारच्या राना प्लाझा या कपड्यांच्या कारखान्यांच्या इमारतीचे उदाहरण पाहा. २४ एप्रिल २०१३ रोजी ती इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, खालच्या मजल्यावरची बँकेची शाखा बंद ठेवली गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. तीन आठवड्यांत आंतरराष्ट्रीय कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला, पुढे दोनशेच्या वर कंपन्या त्यात आल्या आणि दीड हजारांहून अधिक कारखाने तपासले गेले. तीन आठवड्यांत कुणीही असा करार लिहू शकत नाही. त्याचा आधीचा मसुदा संघटनांनी पूर्वीच तयार केला होता, २०१२ मध्ये दोन कंपन्यांनी त्यावर सह्याही केल्या होत्या. बाकीच्या थांबल्या होत्या.

नोंदवही :

मसुद्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तरी ‘बाकीच्या थांबल्या होत्या’ हे आपले तीन शब्द मला सोडवत नाहीत. राना प्लाझाच्या पाच महिने आधी, २४ नोव्हेंबर २०१२ रोजी, त्याच परिसरातल्या ताझरीन फॅशन्स या कारखान्याला आग लागून शंभरहून अधिक कामगार मेले होते, आणि तिथेही बाहेर पडण्याच्या वाटा कुलूपबंद होत्या. ट्रँगलला शंभर वर्षे उलटून गेली होती. मसुदा त्या दिवशीही तयार होता, संकटही आले होते, मग करार तेव्हा का झाला नाही? मृतांची संख्या शंभरावरून हजारावर जावी लागली, हे उत्तर असेल तर ते मला कुठल्याही सिद्धांतात बसवून घ्यायचे नाही.

पाणवठा :

नोंदवही यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. मी माझ्या तक्त्याबद्दलच आणखी थोडे सांगू शकतो.

मदतकेंद्र बंद झाल्यावर आम्ही सात-आठ जणांनी बसून नवा तक्ता केला. पहिला रकाना ‘घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचे नाव’ असा ठेवला. मालकीच्या पुराव्याऐवजी दोन शेजाऱ्यांची साक्ष पुरेशी मानावी असे सुचवले, आणि उपजीविकेचे साधन गेले असल्यास त्याची भरपाई घराच्या भरपाईपासून वेगळी, ते साधन वापरणाऱ्याच्या नावे लिहावी असा रकाना जोडला. तो संबंधित कार्यालयात दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी आपुलकीने ऐकून घेतले आणि पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. त्यानंतर दोन बैठका झाल्या. आम्ही दर वेळी जाऊन विचारतो. तक्ता अजून मंजूर झालेला नाही. मी दर पावसाळ्याच्या तोंडी त्याच्या दोनशे प्रती काढून ठेवतो, म्हणजे पाणी आलेच तर निदान चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन तक्ते असतील.

सरळरेषा :

पाणवठा, त्या तक्त्याची एक प्रत मला पाठवू शकाल का? आमच्याकडची नोंदणी कोणत्या रकान्यांत होते हे मी आजवर कधी पाहिलेले नाही.